ह्याला तेल लागत नाही

१२ ऑगस्ट, मंगळवार

मागच्या डेकच्या कोपऱ्यातली फळी आज पेनाच्या टोकाने टोचून पाहिली. टोक अर्धा इंच आत गेलं. भुसा निघाला. मला आनंद झाला!

इथे तरी खरं लिहावं. एकसष्ट वर्षांचा माणूस सकाळी सातला उकिडवा बसतो, चहा बाजूला गार होतो, आणि लाकूड सडलंय म्हणून हा खूश.

सुखदा स्वयंपाकघराच्या दारात आली. "काय शोधतोस?"

"हे पोखरलंय गं. वाळवी."

"कुठे?"

"सगळीकडेच असणार."

सगळीकडे नव्हतं. एका फळीचं एक टोक होतं, जिथे पागोळीचं पाणी पडतं. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ सोडायची नाही, हे किती पोरांना ओरडून सांगितलं असेल! आज स्वतः एका टोचणीवर अख्खी बातमी केली.

१३ ऑगस्ट

आणखी तीन फळ्या टोचल्या. तिन्ही टणक. हे तिला सांगितलं नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

प्रकरण एवढंसं आहे. सहा फूट बाय आठ फूट. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून एक पायरी उतरलं की लाकडी डेक — घरात सगळे कट्टा म्हणतात. होन्ने लाकडाचा, म्हणजे आपला बिबळा. एका बाजूला कढीपत्त्याचं झाड, दुसऱ्या बाजूला एक ठेंगणं बाकडं. बस्स.

आणि तो अवधूतचा आहे.

अवधूत म्हणजे सुखदाचा पहिला नवरा. २०११ मध्ये गेला. मी पुण्याहून इथे बंगळुरात, जयनगरला आलो २०१६ मध्ये. तोवर सगळं जिथल्या तिथे होतं. हॉलमध्ये त्याचा फोटो — सहा फूट उंच, स्कूटरवर एक पाय टाकून हसतोय. दाट केस. मेलेल्या माणसाला टक्कल पडत नाही.

मी त्या फोटोबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी समजूतदार आहे. श्वेता — पुण्याहून पुरवणी बघते ती — म्हणते, "सर, तुमच्या लेखात कधी चिडचीड नसते, वाचकांना तेच आवडतं." आठशे शब्द, दर गुरुवारी, दुपारी तीनच्या आत. चिडचीड बसायला जागा कुठे?

पण तेल! दर वर्षी गणपती झाले, चार दिवस कोरडे मिळाले, की सुखदा जवसाच्या तेलाचा डबा काढते. केस वर बांधते. गुडघ्याखाली जुनी उशी घेते आणि एकेक फळीला फडक्याने तेल पाजत जाते. दोन दिवस. मला हात लावू देत नाही. पहिल्या वर्षी मी फडकं घेऊन गेलो होतो. "बेडा, नको, तू राहू दे. रेषेच्या उलटं लावशील." गोड बोलली. पण म्हणाली.

नऊ वर्षं मी खिडकीतून ते बघतोय. एवढ्या निगुतीने तिने माझ्या पाठीला कधी बाम लावलेला नाही.

आज बेळ्ळंदूरला गेलो होतो. दीड तास ट्रॅफिकमध्ये. डेकचं एक मोठं दुकान आहे तिथे, प्राणेश नावाचा मुलगा बघतो. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्या, सगळ्या एका रंगाच्या, एका जाडीच्या. मी म्हटलं, देखभाल? तो हसला. "सर, हीच तर गंमत. ह्याला तेल लागत नाही. पंचवीस वर्षं बघायला नको."

ह्याला तेल लागत नाही!

तिथल्या तिथे ठरवलं. सहा बाय आठ नको, बारा बाय सोळा.

१७ ऑगस्ट, रविवार

नमुन्याचा तुकडा सुखदासमोर ठेवला. तिने उलटा केला, बोटाच्या पेराने वाजवला, मग नाकाशी नेला.

"वास नाही ह्याला."

"म्हणजे कीडही नाही."

"कढीपत्ता काढावा लागेल बारा फूट केलं तर."

"कुंडीत लावू."

भेंडी चिरत होती.

"तुला हवाय?"

"मला म्हणजे — आपल्याला. वाळवी घरात शिरली तर —"

"तुला हवाय का, ते विचारतेय."

"हो."

"सरी," म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आणि भेंडी कढईत टाकली.

इतकं सोपं? मी दोन परिच्छेदांचा युक्तिवाद तयार ठेवला होता. वाया गेला. नऊ वर्षं ज्याच्यासमोर गुडघे टेकले ते एका "सरी"वर सोडून दिलं? की आतून तुटली आणि मला दाखवत नाही? ही दुसरी शक्यताच खरी असणार. आणि ते मला पहिल्यापेक्षा जास्त झोंबतंय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अनुसूयाअक्का आल्या होत्या. अवधूतच्या थोरल्या बहीण, पुढच्या क्रॉसला म्हणजे आडव्या गल्लीत राहतात, शुक्रवारी कॉफीला येतात. हे लोक चार पिढ्या बंगळुरात. मराठीत निम्मं कन्नड. मला त्या "पुणेकर" म्हणतात. नऊ वर्षांत नाव घेतलेलं नाही.

"अवधूतचा कट्टा काढणार म्हणे पुणेकर?"

"वाळवी लागलीय, अक्का."

"अय्यो! किती हौसेनं लाकूड आणलं होतं त्यानं. शिमोग्याहून, लॉरीत बसून! सगळ्या गल्लीला दाखवलं. बघा म्हणाला, ह्याचं काय करतो ते."

मी कपाकडे बघत राहिलो. शिमोग्याहून. लॉरीत बसून. मी पुण्याहून आलो तेव्हा दोन बॅगा आणि एक टेबललॅम्प आणला. लॅम्पचा होल्डर इथे जुळला नाही.

सुखदा काही बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "अक्का, स्वल्प साखर घालू अजून?"

अक्कांनी जाताना मागे जाऊन कट्ट्याच्या खांबाला हात लावला. देवळात लावतात तसा.

२८ ऑगस्ट, गुरुवार

लेख दिला. विषय — जुन्या वस्तूंचा मोह. समतोल झालाय. श्वेताचा निरोप, "सर, किती शांत!"

सुखदाशी ओळख लेखामुळेच झाली होती. मी लिहिलं होतं की लालबागेत वर्षातून एकदा पुष्पप्रदर्शन भरतं. हिने तीन ओळींचं पत्र पाठवलं — एकदा नव्हे, दोनदा. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये. छापण्यापूर्वी विचारायचं होतं कुणाला तरी. खाली सही आणि बँकेचा हुद्दा. त्या पत्राने मी गार झालो. तेव्हा मला वाटलं होतं, ही बाई मला दुरुस्त करत राहिली तर आयुष्य बरं जाईल.

तिने अवधूतला किती वेळा दुरुस्त केलं असेल? विचारलेलं नाही. त्याच्याविषयी मी तिला काहीच विचारत नाही, हा माझा मोठेपणा.

४ सप्टेंबर

प्राणेशचा फोन. सोमवारी माणसं येतात. सुखदाला सांगितलं. ती मागे जाऊन बाकड्यावर बसली. तासभर. मी आतून घड्याळ लावून बघत होतो.

८ सप्टेंबर, सोमवार

आज जुना डेक उचकटला.

फिटर देवाप्पा. निपाणीकडचा, साठीचा, मूळचा सुतार. आता दुकानाच्या फळ्या बसवतो. बरोबर दोन जण. मराठी ऐकून खुलला. आधी त्याने कट्ट्याभोवती एक फेरी मारली, वाकून खाली बघितलं, मग हातोडी जमिनीवर ठेवली.

"सायेब, ह्ये कशापायी काढतायसा?"

"वाळवी."

"कुठली वाळवी? ह्ये एक टोक पान्यानं गेलंय. येवढी फळी बदलली की आजून वीस वर्सं हालायचं न्हाई."

सुखदा दारात उभी होती. तिने ऐकलं. माझ्याकडे बघितलं नाही, हेच वाईट. मी म्हटलं, "मोठा हवाय आम्हाला." वाळवीची बातमी तिथेच मेली. तरी तिने काम थांबवलं नाही. मीही नाही.

देवाप्पा कौतुक करतच उचकटत होता. "कुनी केलंय वो? हात झ्याक हाय. सांधा बगा — पानी थांबाय जागा न्हाई. सुतार न्हवता, घरचं मानूस दिसतंय. सुताराला येवढा येळ नसतोय."

"घरच्याच माणसाने केलाय."

"बारा-तेरा वर्सं झाली आसतील."

चूक. किमान पंधरा. अवधूत जाऊनच चौदा झाली. पण बोललो नाही. देवाप्पाला कशाला दुरुस्त करा?

मग त्याने एक फळी उलटी केली. "आणि ह्ये बगा, खाली पेन्सिलीनं नंबर टाकल्यात! फळी फळी मापून. बगा तरी."

मी बघितलं नाही. त्याची उंची रोज बघतो, त्याचे केस बघतो. त्याचं अक्षर तेवढं राहिलंय बघायचं. राहू दे. म्हटलं, "टेंपोत भरा."

"लाकूड मी नेऊ?"

"न्या. सगळं."

बाकडं सुटं करताना एक गोष्ट मनात आली. नऊ वर्षं त्या बाकड्यावर बसताना माझे गुडघे हनुवटीशी यायचे. सहा फुटी माणसाने एवढं ठेंगणं बाकडं का केलं असेल? मग कळलं — तिच्यासाठी! तिच्या मापाने. स्वतः अवघडून बसला, पण तिचे पाय जमिनीला टेकले. हे माझ्या डोक्यात कधी आलं असतं का?

टेंपो निघताना सुखदा बाहेर आली. "देवाप्पा, एक फळी ठेवून जा."

"कुटली, अक्का?"

"कुठलीही."

त्याने नीट बघून एक काढून दिली. तिने ती स्वयंपाकघराच्या दारामागे, खालची बाजू भिंतीकडे करून उभी ठेवली.

एक तरी तुकडा हवाच!

९ सप्टेंबर

नुसती माती. सहा बाय आठचा चौकोन बाकीच्या अंगणापेक्षा फिकट. सुखदाने कढीपत्ता स्वतः खणून कुंडीत लावला.

११ सप्टेंबर, गुरुवार

झाला! बारा बाय सोळा. राखाडी, सपाट, एक स्क्रू दिसत नाही. खालची फ्रेम लोखंडी. फळ्यांमध्ये बोटभर नाही, नखभर फट — उन्हात फुगतात म्हणे. लेख आज दुपारी तीनऐवजी पावणेतीनला दिला, चहा घेऊन मधोमध जाऊन बसलो. नवीन खुर्च्या. माझे पाय पुरतात.

ह्या घरात पहिली जागा, जिथे त्याचा हात लागलेला नाही. इथे मी कुणाच्या मागून आलेलो नाही. मला दुसरं काही नको होतं.

सुखदाला हाक मारली. आली, चपला काढून चालली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"कसा वाटतो?"

"मोठा आहे."

"आणि?"

"सपाट आहे. नीट बसवलाय."

मग आत गेली. कुकर लावायचा होता म्हणे. कुकर झाला, तरी आली नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दुपारी अनवाणी गेलो. पाय भाजला. फोड नाही, पण उड्या मारत परत आलो. सुखदा खिडकीत होती. हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

प्राणेशला फोन. "सर, ऊन असलं की स्वल्प गरम होतोच. संध्याकाळी वापरा."

संध्याकाळीही मी एकटाच बसतो. चार खुर्च्या आहेत.

आता उलटंच झालंय. पूर्वी मत्सर करायला सहा बाय आठची जागा होती. बघता यायची, टोचता यायची. आता तो कुठे आहे ते कळत नाही. ती खिडकीत उभी राहून अंगणाकडे बघते तेव्हा तिला बारा बाय सोळा दिसतं की सहा बाय आठ?

२० सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस कोरडे गेले. आज सकाळी सुखदाने तेलाचा डबा काढला.

डब्याकडे बघत ती ओट्याशी जरा वेळ उभी होती. मग केस वर बांधले. आणि घरात जे जे लाकडाचं होतं त्याला तेल लावत सुटली. पोळपाट. लाटणं. देव्हारा. मागच्या दाराचा उंबरा. जिन्याचा कठडा. दुपारपर्यंत घरभर जवसाचा वास.

शेवटी माझ्या खोलीत आली. "ऊठ जरा." माझ्या लिहायच्या खुर्चीचे हात पुसले, तेल लावलं, पुन्हा पुसलं. डाव्या हाताचा सांधा हलतो हे तिच्या लक्षात आलं. पाचर मारली, दोन ठोके. हलायचा थांबला.

"हे कुठे शिकलीस?" असं विचारणार होतो. पण उत्तर माहीत होतं. कुणाकडून शिकली असणार!

वाळेपर्यंत उभ्यानेच लिहिलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आजचा लेख सातशे साठ शब्दांत संपला. चाळीस शब्द सुचले नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सुखदाच्या हाताला काम नाही असं वाटतंय. टीव्ही बघताना अंगठ्याने सोफ्याची कड चाचपत असते, काहीतरी मापत असल्यासारखी.

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. इथे आयुधपूजा म्हणतात आणि जोरात करतात — रिक्षा, बस, लेथ, कात्री, सगळ्यांना हार. रस्त्यावर फोडायला कोहळ्यांचे ढीग लागलेत. ज्याचं ज्यावर पोट, ज्याचा ज्यावर हात, त्याने त्याची पूजा करायची.

आमच्याकडे दर वर्षी दोन गोष्टी मांडल्या जातात. माझं स्टीलचं पेन. आणि माळ्यावरून उतरणारी हत्यारांची पेटी — रंधा, पटाशी, करवत, गुण्या, ड्रिल. अवधूतची. सुखदा एकेक पुसते, फूल वाहते, कुंकू लावते. माझं पेन एका कडेला, रंध्याच्या सावलीत. नऊ वर्षं.

आज पेटी उतरवून तिने पुसायला घेतली. पटाशीची धार अंगठ्याने पाहिली. मी म्हटलं, "वापरात नसलेल्या हत्यारांची काय पूजा?" अगदी सहज, हसत. लेखातल्या आवाजात.

"वापरात नव्हती, खरंय," ती म्हणाली. "वाईट वाटतं त्याचं."

मी ठरवलंय. उद्या बोलायचं. भांडण नाही. एक वाक्य तयार आहे, चार वेळा घासलंय — सुखदा, कट्टा गेला, आता ह्या वर्षीपासून अवधूतची हत्यारंही माळ्यावरच राहू देत का? समतोल आहे. जिव्हारी लागणार नाही आणि नाही म्हणता येणार नाही. बस्स, एवढं झालं की घर माझं.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

दारामागची फळी तिने आणली, नव्या डेकवर उलटी ठेवली आणि हत्यारं त्यावर मांडली. मी वाक्य सुरू केलं. "सुखदा, कट्टा गेला, आता ह्या वर्षीपासून अवधूतची —" आणि फळीवर नजर गेली. पेन्सिलीने लिहिलेलं. 17. खाली माप, 71. दोन्ही सातांच्या पोटात आडवी रेघ. कॅलेंडरवर गॅसची तारीख लिहिताना सुखदा मारते ती. बँकेतली सवय.

"अवधूतची?" ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. "त्याला खिळा सरळ ठोकता येत नव्हता रे! लाकूड तेवढं आणलं, आणि तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून. तो गेल्यावर मीच केला. घरात बसवत नव्हतं, अष्टे, एवढंच."

"मग काढू का दिलास?"

ती रंध्याला कुंकू लावत होती. वर बघितलं नाही.

"नऊ वर्षांत तू ह्या घरात पहिल्यांदा काहीतरी मागितलंस."

मग कुंकवाचं बोट माझ्याकडे केलं. "पेन दे तुझं."

पेन खिशातच होतं. काढायला वेळ लागला.